केरूच्या हाताची परीक्षा

हरिश्चंद्र तात्यांना केरू फारसा माहीत नव्हता. तो गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी त्याला आठवायला घेतलं आणि ध्यानात आलं की त्याला मुलं किती, त्याची सासुरवाडी कुठली, तरुणपणी तो मुंबईला जाऊन आला होता की नाही, यातलं काहीच आपल्याला सांगता येणार नाही. एवढं माहीत होतं की तो उभा राहिला की एका पायावर जास्त भार टाकायचा, आणि कुणी कौतुक केलं की दुसरीकडे बघायचा. एका उन्हाळ्यात दोघांनी काही सकाळी एकत्र घालवल्या, तेवढीच ओळख. वाडीतली माणसं मात्र अजून म्हणतात, "तात्या, केरू म्हंजे तुमचा मानूस." तात्या मान खाली घालतात. लोकांना वाटतं, दुःखानं.

रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर, त्यांची वाडी लागते. पावसात पाण्याला तोटा नाही, पण जांभा दगड चाळणीसारखा. होळी झाली की विहिरी तळ दाखवायला लागतात. अशा ठिकाणी पाणाड्याला मान असतो. केरू वाडीचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो माळावरून चालायचा, आणि जमिनीखाली पाणी असेल तिथं म्हणे तो नारळ हातावर उभा राहायचा. त्या जागी खुंटी मारली की काम संपलं. मोबदला म्हणून तो नारळाखेरीज काही घेत नसे.

तात्यांचं आयुष्य रत्नागिरीतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेलं. ते तिथं मदतनीस होते. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. प्रयोग करायचे सर, तात्या कपाटाशी उभे. निवृत्त होऊन बायकोबरोबर, मथुराबरोबर, वाडीत राहायला आले तेव्हा लोक त्यांना 'सायन्सचे सर' म्हणू लागले. पहिल्यांदा 'मी सर नव्हतो' म्हणायला संकोच वाटला. पुढं सांगायला फार उशीर झाला.

त्या वर्षी हौसाची विहीर कोरडी निघाली. हौसा केरूच्या भावकीतली. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला वॉचमन. केरूनं खुंटी मारून दिली तिथंच तिनं खणून घेतलं. जांभा संपला, खाली काळा दगड लागला, सुरुंग लावले, तरी दगडाला घाम फुटला नाही. पोरानं पाठवलेलं सगळं त्या खड्ड्यात गेलं.

त्यानंतर एका सकाळी केरू तात्यांच्या पडवीत येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"तात्या, तुमी सायन्सवाले. मला एक वस्तू तपासून द्या."

"कसली वस्तू?"

केरूनं उजवा हात पुढे केला. "ह्यो."

तात्यांना वाटलं हाताला काही लागलंय. ते चष्मा शोधायला लागले.

"तसं नाय वो. ह्या हाताला पानी कळतं का, ते बगायचंय. धोंडू गावकर बोलवतोय मला. वाडीची मोठी विहीर करायचीय, जागा दाखव म्हनतो. माजा पाय निघत नाय."

"हौसा काही बोलली का?"

"बोलली असती तर बरं झालं असतं. डोक्यावर हंडा घेऊन माज्या दारावरनं जाते, आन् मी दिसलो की सोताच मान वळवते. चुकलो मी, आन् लाज तिला वाटते."

तात्यांनी आयुष्यात एकही प्रयोग स्वतः मांडलेला नव्हता. पण नाही म्हणायलाही धीर लागतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरामागच्या कुणग्यात, भात कापून मोकळ्या झालेल्या जमिनीत, ओळीनं खड्डे खणायला घेतले. काही खड्ड्यांत पाण्यानं भरलेले कॅन, काहींत रिकामे. वर फळी, फळीवर माती.

"अहो, लोक म्हातारपणी काशीला जातात," मथुरा पडवीतून म्हणाली. "तुम्ही खड्डे खणा. पाणी पुरून ठेवा. मीठ घालायचं राहिलं का बघा, लोणचं होईल."

केरू नारळ घेऊन आला, अनवाणी चालू लागला. तात्या बरोबरीनं चालले. नारळ कुठं निपचित पडून राही, कुठं आपसूक मान वर करी. शेवटी फळ्या काढून पाहिलं तर एखादा खड्डा सोडला तर सगळं बरोबर. तात्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"केरू, अरे तुझा हात खरा आहे!"

केरू बांधावर बसला होता. त्यानं तोंड वर केलं नाही.

"परत करूया," तो म्हणाला. "आन् तुमी संगती नको."

"का रे?"

"भरल्या खड्ड्यापाशी आलो की तुमी श्वास धरत व्हतात. पुढं सरलो की सोडत व्हतात. मी नारळाकडं बगत नव्हतो तात्या, माजा कान तुमच्याकडं व्हता. मी ठरवून केलं नाय. पन व्हता."

तात्या फळी उचलत होते, ते थांबले. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढली. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं परीक्षा घेऊ नये, ही साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही. सुचली नाही हेही ठीक. पण आपल्याला केरू जिंकायला हवा होता, म्हणूनच सुचली नाही. हे कळलं तेव्हा त्यांना हातातली फळी कुठं ठेवावी ते समजेना.

केरू मात्र दुसऱ्याच विचारात होता. "म्हंजे बगा, ज्यांच्या जागेत मी जातो त्यांना आदीच कुटंतरी वाटत असतं, हितं पानी लागंल म्हनून. मी फिरतो, ते माज्या मागनं फिरतात. मग येवढी वर्सं ते मला सांगत व्हते, का मी त्यांना?"

दुसऱ्या वेळी कॅन मथुरानं ठेवले. तात्यांना तिनं गोठ्यात धाडलं आणि स्वतः काम झाल्यावर घरात जाऊन दार लावून घेतलं. केरू एकटाच चालला. नारळ उभा राहिला तिथं तिथं त्यानं दगड ठेवले. मग मथुरानं येऊन फळ्या उचलल्या. भरल्या खड्ड्यावर दगड, रिकाम्यावर दगड, कुठं काही मेळच नव्हता. डोळे मिटून दगड फेकले असते तरी एवढंच जमलं असतं.

"ऊन लागलंय तुम्हाला भावोजी," मथुरा म्हणाली. "उद्या करा."

उद्याही तेच झालं. परवाही.

"पन नारळ उभा तर ऱ्हातो ना वयनी," केरू म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी हात हलवत नाय. देवाशपथ नाय."

तात्यांनी हळू सांगितलं, "तू खोटं करत नाहीस. मनात काही आलं की हाताला आधी कळतं, आपल्याला मागाहून. हात हलतो आणि आपल्याला वाटतं, नारळच हलला. शहाण्या माणसांचंही होतं असं."

"मग ज्या विहिरींना पानी लागलं, ते?"

"उताराला, झाडाच्या अंगाला तू जागा दाखवायचास. तिथं बहुतेक लागतंच. लागलं ते लोकांनी लक्षात ठेवलं. कोरडी गेली ती बुजवली, विसरले."

केरूनं नारळ बांधावर ठेवला. मग म्हणाला, "मी पन विसरलो व्हतो." आणि उठून तडक हौसाकडे गेला. तिच्या दारात उभं राहून त्यानं काय सांगितलं ते तात्यांना कधी कळलं नाही. एवढंच दिसलं की त्या दिवसापासून हौसाच्या घरचे दोन हंडे केरू आणायला लागला, आणि बाप्या माणूस डोक्यावर हंडा घेतो म्हणून पोरं हसली तरी आणत राहिला.

इथवरची हकिगत तात्या कुणालाही सांगतील. अडतं ते पुढं.

वाडीची बैठक सहाणेवर भरली, पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर. धोंडू गावकर, म्हणजे वाडीचा प्रमुख, बोलायला तिखट. त्यानं केरूला पुढं बोलावलं. केरू उभा राहिला, एका पायावर भार टाकून, आणि म्हणाला, "मी जागा दाखवनार नाय. माज्या हाताला कळत नाय. आमी तपासून बगितलं."

आधी हशा पिकला. मग लोकांना कळलं की तो थट्टा करत नाही.

"कोनी तपासलं?" धोंडूनं विचारलं.

"तात्यांनी. त्यांना इचारा. समोर हायत."

सगळ्या माना वळल्या. तात्या खांबाला टेकून बसले होते.

"काय वो सायन्सचे सर," धोंडू म्हणाला, "तुमच्या परसातल्या विहिरीची जागा कोनी दाखवली? ह्यानंच ना? तवा नारळ गोड लागला! आता तुमचं भागलं, तर आमचा पानाड्या खाल्लात? सांगा की, ह्याच्या हातात काय नाय म्हनून. तुमी बोला, आमी आयकतो."

खरं होतं ते. तात्या रत्नागिरीत नोकरीला असताना मथुरानं केरूला बोलावून विहीर खणून घेतली होती, आणि पाण्याच्या पूजेला नारळ तात्यांनीच फोडला होता. पण त्या विहिरीचा आणि फळ्यांखालच्या कॅनचा संबंध नव्हता. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. केरू स्वतः होऊन आला, स्वतःची परीक्षा त्यानं स्वतः कडक करून घेतली, माझी चूक त्यानं दाखवली, आणि तो म्हणतोय ते खरं आहे. एवढंच सांगायचं होतं. केरू त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, कारण तात्या सांगणारच याची त्याला खात्री होती.

तात्यांनी त्याच्यावरची नजर काढून घेतली. ते म्हणाले, "सायन्समध्ये कसं आहे, तसं ठाम काही सांगता येत नाही."

हे वाक्य त्यांनी शाळेत सरांच्या तोंडून अनेकदा ऐकलेलं. सर ते बोलायचे तेव्हा त्यात नम्रपणा असायचा. तात्यांच्या तोंडून ते निघालं तेव्हा त्यात फक्त भीती होती. हे त्यांना बोलता बोलताच कळलं, आणि तरी ते पुढं काही बोलले नाहीत.

"बगा!" धोंडू म्हणाला. "सरांनाच ठाव नाय. अरे, हौसाच्या विहिरीनं ह्याचा हात गेला, दुसरं काय. कोनाची तरी नजर लागली."

केरूनं तात्यांकडे पाहिलं. रागानं नाही. पहिल्या दिवशी बांधावर बसून तो जसा विचार करत होता, तसं काहीसं. मग तो खाली बसला.

वाडीनं दुसऱ्या गावचा पाणाड्या आणला. त्यानं दाखवलेल्या जागी चैत्रापर्यंत पुरेल इतकं पाणी लागलं, तेव्हा तर केरूचा हात गेला हे पक्कंच झालं. लग्नाकार्यात त्याला मानाचा विडा यायचा, तो बंद झाला. पुढच्या वर्षी सरकारी भूजलवाले यंत्र घेऊन आले तेव्हा केरू त्यांच्या तारा धरायला गेला. मथुरानं पाहिलं ते असं : त्यानं त्यांना विचारलं, "सायेब, तुमचं चुकतं का?" त्यातला एकजण हसून म्हणाला, "चुकतं की. चुकलं की टिपून ठेवतो." त्यावर केरू इतका खूश झाला की दिवसभर उन्हात त्यांच्या मागं फिरला. हे मथुरानं जेवताना सांगितलं. तात्या अर्ध्या जेवणावरून उठले.

त्याच्याकडे जाऊन बोलायचं तात्यांनी कितीदा ठरवलं. वाट केरूच्या दारावरूनच होती. ते निघत, आणि त्याचं अंगण दिसलं की वरच्या बाजूच्या पायवाटेला लागत. मग ते हौसासारखी मान वळवायला शिकले. फरक इतकाच की तिचा काही गुन्हा नव्हता.

शेवटची भेट रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर झाली. तात्या डोळे दाखवून परतत होते. केरू बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, बारीक झाला होता. तो सरकला आणि त्यानं तात्यांना जागा करून दिली. वाडी इथं नव्हती, धोंडू नव्हता, कुणी ऐकणारं नव्हतं. सहाणेवर मी बोलायला हवं होतं, एवढं एक वाक्य तात्यांनी मनात जुळवलं. पावसाळ्याच्या तोंडावर केरू जाईल, हे त्यांना तेव्हा कुठलं माहीत असायला.

"पूर्नगड गाडी लागली का वो?" केरूनं विचारलं.

"नाही अजून. उशीर आहे म्हणतात."

"मग चला, च्या घेऊ. बसू जरा."

"नको," तात्या म्हणाले. "गाडी चुकायची."

"बरं."