सोमनाथच्या गिटारमागची घूं

माझ्या नवऱ्याला, प्रशिकला, आवाजाचं वेड आणि बोलण्याचं वावडं. मार्गासनीत तो मिक्सर-स्पीकर दुरुस्त करतो आणि मागच्या खोलीत भीमजयंतीची गाणी रेकॉर्ड करतो. पाहुणे आले तरी याचा कान पंख्याकडे. "बेअरिंग गेलंय," एवढंच बोलणार. हा माणूस सुधारायचा नाही, हे मी केव्हाच मान्य केलंय.

पण त्या आठवड्यात तो जेवेनासा झाला.

त्याचा जिवलग मित्र, गुंजवण्याचा सोमनाथ. भात मळताना त्याचा डावा हात यंत्रात गेला आणि दोन बोटं तुटली. त्याच्या थोडंच आधी त्याने आमच्याकडे एक गाणं वाजवलं होतं, गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून. असा आवाज कोरडा येतो, बिनफोडणीच्या वरणासारखा. फोडणी सोमनाथच्याच अँपची, त्याच्या गिटारच्या स्पीकर-खोक्याची, द्यायची होती. म्हणजे कॉम्प्युटरमधलं वाजवणं त्याच्या अँपमधून सोडायचं आणि पुढ्यात माईक लावून पुन्हा रेकॉर्ड करायचं. आता सोमनाथचं तेवढंच वाजवणं उरलं होतं, आणि रविवारी सोमनाथ ते ऐकायला येणार होता.

अँप चालू केला की मागे घूं. गिटार थांबली की ती आणखी मोठी वाटायची. प्रशिकने वायरी बदलल्या, अँप कोपऱ्यात नेला, आवाज चढवला, उतरवला. कॉम्प्युटरवर घूं पुसायला गेला, तर लांबवलेल्या सुराचं शेपूटही तिच्याबरोबर कापलं गेलं.

"ह्यो सोमनाथ न्हाई," म्हणाला आणि डोकं धरून बसला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

शनिवारी पाहते तर हा घूं घालवायला पक्कड घेऊन अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायला बसलेला.

"अवो, शॉक लागून मराल! एकाची बोटं गेली ती बास न्हाई का?"

"मग काय करू? उद्या येतोय त्यो!" लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला.

मी पक्कड हिसकावली. अँपची वायर खिडकीतून बाहेर, शेजारी दिराच्या घरात गेली होती. भाऊ वेगळे झाले तेव्हा मीटरही वेगळे झाले. आमच्याकडे व्होल्टेज पडलं की सोनबा भाऊजींच्या बोर्डावरून वीज घ्यायची, ही आमची कायमची रीत. प्रशिक त्या वायरीकडे बघत राहिला.

"अँप दादाच्या अर्थिंगवर, कॉम्प्युटर आपल्या," तो हळूच म्हणाला. "आन् मधी माजी वायर. तीच वराडतीया."

त्याने कॉम्प्युटरही भाऊजींच्याच बोर्डाला लावला. घूं गेली. मागे बारीकशी सुर्रसुर्र उरली, पण ती सुराखाली दबत होती. गाणं एकदाचं रेकॉर्ड झालं. तरी तो रात्री नीट झोपला नाही, आणि मीही नाही.

रविवारी सोमनाथ आला, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला. गाणं सुरू झालं. त्याने डोळे मिटले. प्रशिक त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि मी प्रशिकच्या. मधेच सोमनाथ ताठ झाला.

"थांब, थांब. हितं बोट सरकलंय माजं. लई चोख ऐकू येतंय, चूक बी." तो हसला. "दे रं गिटार. एवढंच परत वाजवतो."

प्रशिक उठला, भिंतीवरची गिटार काढली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला. सोमनाथने दोन्ही हात पुढे केले होते, पट्टीतला डावाही.