अण्णांचा चारचा चहा

अण्णा चहा पिण्याआधी हुंगत. कप नाकाशी धरून डोळे मिटत आणि घोट घ्यायचं विसरूनच जात. "हुंगून पोट भरत असेल तर साखर तरी कशाला घालायची?" असं सासूबाई म्हणत. अण्णा म्हणजे माझे सासरे. दुपारी चारला ते स्वतः चहा करत आणि त्या वेळी ओट्याजवळ कुणाला फिरकू देत नसत.

रोज वेगळा चहा. कधी गवती चहा, कधी तुळस, कधी संत्र्याची वाळवलेली साल. मखमलाबादहून फुलं विकायला येणाऱ्या बाईकडून ते गावठी गुलाब घेत आणि पाकळ्या कोऱ्या चहात सोडत. दुधाने वास मरतो, हे त्यांचं ठाम मत. सासूबाई मग आपल्या कपात मुद्दाम जास्त दूध ओतत.

एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला. बरे झाल्यावर त्यांनी पहिला केला तो गवती चहाच. गवती चहाची ती जुडी देवळ्याहून आलेल्या कांद्यांच्या पिशवीत पडून राहिली होती. सासूबाईंनी एक घोट घेऊन विचारलं, "चहा केलाय की रस्सा?" अण्णा कपावर वाकून हुंगतच राहिले. त्या उठून गेल्यावर मला म्हणाले, "मला कसलाच वास येत नाही गं. ताप गेल्यापासून नुसतं गरम पाणी पितोय."

डॉक्टरांनी वाट पाहायला सांगितलं. अण्णांनी वाट पाहिली, पण चारचा चहा सोडला नाही. त्यांनी करायचा आणि मी हुंगून त्यांना सांगायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, छान आहे.

"छान हा वास नाही. नीट सांग."

"गवतासारखा."

"ते गवतच आहे. आणि?"

हे 'आणि?' मला फार छळायचं. मी शाळेत भाषा शिकवते, तरी शब्द सापडत नसत. शेवटी एकदा म्हटलं, पाटी ओल्या फडक्याने पुसून नाकाशी धरली की येतो, तसा. अण्णांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हं. आला."

खरा वास परत आलाच नाही. पुढे दवाखान्यात त्यांचं खाणंपिणं बंद झालं, तेव्हाही चारच्या सुमाराला त्यांनी विचारलं, "आज काय?" मी रिकाम्या हातांनी सांगितलं, संत्र्याची साल. थंडीत उन्हात टाकलेल्या गादीसारखा उबदार वास, मागे जरासा कडवट. या वेळी त्यांनी 'आणि?' विचारलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

आता चारला मी चहा करते. कोरा. वाफ आली की वास सांगते आणि थांबते. मागे कुणी ऐकत उभं आहे असं वाटत राहतं, म्हणून वळून पाहत नाही. परवा गुलाब होता. देवघरातल्या कालच्या फुलांसारखा, म्हटलं आणि थांबले.

"आणि?"

मी वळून पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात रिकामा कप, डोळे मिटलेले.

"मला दूध नको घालूस," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाफेवर वाकले.