वरच्या मजल्यावरचं जेवण

“आभार मानतायत, एवढंच सांगा,” पाठक सर माझ्या कानाशी कुजबुजले.

चाकणजवळच्या एका जपानी कंपनीचा हॉल. मुदत संपवून मायदेशी निघालेले जपानचे राजदूत निरोप घ्यायला आले होते. त्यांच्या शेजारी प्लांट हेड मोरी-सान. समोर दोन्ही शिफ्टची माणसं. आणि मध्ये माइक धरून मी, दुभाषी. पाठक सर एचआरचे प्रमुख. माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या सहीवर चालायचं.

राजदूतांचं भाषण मला आदल्या दिवशीच मिळालं होतं. विश्वास, सहकार्य, उज्ज्वल भविष्य. असल्या भाषणांचं भाषांतर मी झोपेतही करू शकते. पण पहिल्या पानानंतर त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. वक्त्याने कागद सोडला की दुभाष्याला आधार राहत नाही.

“मी पहिल्यांदा भारतात आलो तेव्हा वकिलातीत साधा अधिकारी होतो,” ते म्हणाले. “वाटायचं, मैत्री म्हणजे करार, सह्या, फोटो. मग दिल्लीत माझी पत्नी आजारी पडली. आमच्या शेजारणीनं न विचारता रोज मुगाची खिचडी पाठवली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. घरी गेल्यावर कुणी या देशाबद्दल विचारलं, तर मी त्या डब्याबद्दल सांगणार आहे.”

मग हसून म्हणाले, “तुम्हालाही काही सांगायचं असेल तर सांगा. मी आता निघालोच आहे, मला घाबरायचं कारण नाही.”

लोक हसले आणि सुनंदाताई उभ्या राहिल्या. जवळच्याच कुरुळी गावच्या, असेंब्लीवर लाइन लीडर. आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू जायचा.

“साहेब, त्या शेजारणीनं लई चांगलं केलं. पन हितं तुमची मानसं वरच्या मजल्यावर जेवत्यात आन आमी खाली. इतकी वर्सं एकत्र काम करतोय, एकदाबी एका टेबलावर बसलो न्हाई. आमच्या हातचं चालत न्हाई का तुमाला?”

तेव्हाच पाठक सर माझ्या कानाशी लागले.

मी माइकवर हात ठेवला. “सर, त्या आभार मानत नाहीयेत.”

“मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचं रिन्यूअल आहे. लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. पण मी माइकवरचा हात काढला. माझ्या कामात भर घालायची नसते आणि काटछाटही करायची नसते. ‘हातचं चालत नाही’ याला जपानीत नेमका शब्द नाही. गुळमुळीत करता आलं असतं. मी म्हटलं, “आम्ही केलेलं, आम्ही वाढलेलं अन्न तुम्हाला अपवित्र वाटतं का?”

राजदूतांनी मोरी-सानकडे पाहिलं. मोरी-सानचा चेहरा लालबुंद झाला होता.

“मी आलो त्याच आठवड्यात खाली जेवायचं म्हटलं होतं,” ते जपानीत म्हणाले. “मला सांगण्यात आलं की आमच्या माशांच्या वासाचा कामगारांना त्रास होतो. आम्ही शेजारी बसलेलं त्यांना आवडणार नाही. मी ते खरं मानलं.”

पाठक सरांना कामापुरती जपानी कळायची. “हे मराठीत सांगायचं नाही. इंटर्नल मॅटर आहे,” ते दातओठ खात म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

“आमाला कुनी इचारलंच न्हाई!” सुनंदाताई कडाडल्या. “आमाला तर एचआरनं सांगितलं, सायबांना मसाल्याचा वास सहन हुईना!”

तेही मी जपानीत सांगितलं. ‘एचआर’ हा शब्द भाषांतराविनाच सगळ्यांना कळला.

राजदूतांचं जेवण हॉटेलात ठरलेलं होतं. त्यांनी सुनंदाताईंना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “खाली आज काय आहे?”

मटकीची उसळ होती. राजदूत दोन चपात्या जेवले. मोरी-सानच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. मी त्यांच्या मागे उभी राहून बोलणं पोचवत होते. सुनंदाताईंनी खुर्ची ओढली. “बाई, तू बी बस आता. खाताना कसलं भाषांतर?” पाठक सर फोन कानाला लावून बाहेर गेले, ते परतलेच नाहीत.

माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. मेलमध्ये ‘रिस्ट्रक्चरिंग’ असा शब्द होता. मोरी-सानचा फोन आला. म्हणाले, “मी हा निर्णय फिरवू शकतो.”

“नको,” मी म्हटलं. “पाठक सरांच्या सहीवर मला पुन्हा काम करायचं नाही.”

वरच्या डायनिंग रूमची आता ट्रेनिंग रूम झालीय, असं सुनंदाताई सांगतात. पाठक सर अजून तिथेच आहेत आणि तेही खालीच जेवतात.

मी आता निघोज्यापासून पिंपरीपर्यंत चार-पाच कंपन्यांची कामं करते. दोन देशांमध्ये भाषा आडवी येते असं लोक म्हणतात. मला तरी भाषेपेक्षा माणसंच जास्त वेळा आडवी आलेली दिसली, आणि बहुतेकदा ती आपलीच होती. नव्या क्लायंटकडे गेलं की कुणीतरी हळूच विचारतंच, “मॅडम, थोडं सांभाळून भाषांतर कराल ना?”

“सांभाळून बोलायचं काम तुमचं,” मी सांगते. “माझ्याकडून जसंच्या तसंच जाईल.”

काही जण परत बोलवत नाहीत. नका बोलवू.