हाताशी असलेलं बटण

आल्प्समधल्या नव्या छोट्या रेल्वेगाडीत भल्यामोठ्या काचा असतात आणि गार्ड नसतो. लहान थांब्यावर उतरायचं तर आधी बटण दाबावं लागतं, नाहीतर गाडी थांबत नाही. ती सूचना मी चढताच वाचली होती.

काळ्या कोटातली आजी फुलं घेऊन दाराशी उभी राहिली. भावाला आज पुरणार, असं तिनं मोडक्या इंग्रजीत मला आणि बायकोला सांगितलं होतं. तिचा थांबा आला आणि मागे पडला. चर्चपाशी जमलेली माणसं क्षणभर दिसली.

“पूर्वी गार्ड मला बघून गाडी थांबवायचा,” ती म्हणाली.

आता कुणी कुणाला ओळखण्याची गरजच उरलेली नाही.

“अहो, बटण तुमच्या हाताशी होतं ना?” बायकोनं विचारलं.

होतं. त्या हातानं मी डोंगरांचे फोटो काढत होतो.