गंगावनावरचा प्रयोग

माझ्या केसांना आज लोक आवर्जून छान म्हणतात, पण ऐंशीच्या सुमारास आमच्या मुळशी खोऱ्यात त्यांना राठ म्हणत. तिथल्या दमट हवेत ते फुगत, खोबरेल जिरवून पुन्हा फुगत. पौडकडचं पहिलं स्थळ मला बघून गेलं आणि मुलगी चांगली आहे पण केस फार राठ, असा निरोप पाठवून मोकळं झालं. मला राग आला. त्याहून जास्त रडू आलं, पण ते कोणाला कळू दिलं नाही. दुसरं स्थळ पुढच्या रविवारी येणार होतं आणि या वेळी मला नकार नको होता.

तेवढ्यात माझी मावसबहीण पुण्याहून आली. ती तिथे एका पार्लरमध्ये काम शिकत होती, त्यामुळे आमच्या घरात तिचा शब्द डॉक्टरच्या खालोखाल. तिनं पिशवीतून एक बाटली काढली. हे लावलं की कुरळे केस सरळ होतात, म्हणाली. झाकण उघडताच असा भपका आला की ओसरीवरची मांजर उठून गेली. मी मात्र तिथेच पाट टाकून बसले. रविवारपर्यंत केस सरळ झाले पाहिजेत, बाकी मला काही ऐकायचं नव्हतं.

आई ऐकत होती. तिनं मावसबहिणीला जवळ बोलावलं, तिच्या कानामागचे केस बाजूला केले आणि तिथली खपली बघितली. मग चौकशी सुरू झाली. बहीण बिचारी खोटं बोलणारी नव्हती. औषध जास्त वेळ राहिलं तर कातडी भाजते, कधी केसही तुटतात, पण बेतानं लावलं तर काही होत नाही, असं तिनं कबूल केलं. बेतानं म्हणजे किती, हे विचारल्यावर ती बाटलीवरचं इंग्रजी वाचायला लागली. ते तिलाही पुरतं लागत नव्हतं. मी म्हणाले, भाजलं तर भाजलं, चुलीपाशी रोज भाजतंच की.

आई भांडली नाही. आत जाऊन ट्रंकेतून तिचं गंगावन घेऊन आली. अंबाडा भरदार दिसावा म्हणून लग्नकार्यात बायका ती केसांची जुडी आत घालत. आईनं वर्षानुवर्षं कंगव्यात आलेले स्वतःचे केस साठवून ते करून घेतलं होतं, म्हणून तेही माझ्या केसांसारखंच कुरळं. त्याच्याशिवाय ती कुठल्या लग्नाला गेलेली मला आठवत नाही.

"आधी ह्याला लावा," ती म्हणाली. "ह्याला दुखत न्हाई."

गंगावन अगदी सरळ झालं, वर चकाकीही आली. मी नाचायचीच काय ती बाकी राहिले. उद्या माझा नंबर. आईचा चेहरा उतरला. सकाळी वाळलेलं गंगावन विंचरायला घेतलं, तर पहिल्याच फणीला निम्मं हातात आलं आणि उरलेलं गाठीतून निसटलं. वेळ जरा जास्त झाला असेल, बहीण पुटपुटली. आधी आईला हसू फुटलं, मग मला, आणि हसता हसताच मला तिच्यासाठी भरून आलं. बाटली परत पिशवीत गेली.

रविवारी मी घट्ट वेणी घालून, घुश्श्यातच पाहुण्यांसमोर बसले. मुलाच्या आत्याबाईंनी केस मोकळे सोडायला सांगितले. सोडले. ते नेहमीसारखे फुगले. एवढे केस आत्याबाईंना खरे वाटेनात. त्या उठून माझ्या मागे आल्या आणि त्यांनी असा हिसका दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकही केस निघाला नाही.

"माझेच हायेत," मी म्हणाले. "आता सोडा."

बघायला आलेल्या पाहुण्यांशी मुलीनं असं बोलायचं नसतं. इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या मुलाला हसू आलं, ते लपवायला त्यानं पोह्यांचा मोठा घास घेतला आणि त्याला ठसका लागला. तो मला तिथेच आवडला.

त्यांचा होकार आला. वडील लगेच बैठक ठरवायला निघाले. आईनं त्यांना दारात थांबवलं आणि आमच्या गावात तेव्हा मुलीला कोणी विचारत नसे, ते मला विचारलं.

"तुला पटला का? न्हाई म्हणालीस तरी चालंल."

मी हो म्हणाले, आणि मगच वडिलांनी पायात चपला घातल्या.