भर पाण्यात उभा राहिलेला माणूस

मंडळी, बारामतीत परतल्याबरोबर सायबर कॅफे गाठलं. माझा कुत्रा भुंग्या चिखलाने माखून दाराशी बसलाय.

आज सकाळी त्याला घेऊन सहज इंदापूरकडे उजनीच्या पाण्यावर गेले होते. तात्या नावाच्या म्हाताऱ्या मच्छीमारांनी होडीत घेतलं.

"बाई, कुत्रं धरून बसा. पाखरू दिसलं की ते ऐकायचं न्हाय."

मी हसले. किनारा लांब गेला, एक बगळा उडाला आणि भुंग्याने उडी घेतली. दहा हातांवर त्याचे पाय जाळ्यात अडकले. डोकं बुडालं, वर आलं, पुन्हा बुडालं. मला पोहता येत नाही. सभा गाजवणारी मी नुसती किंचाळत होते.

तात्यांनी होडी जरा डावीकडे वळवली, पाण्यात निरखून पाहिलं आणि खाली उतरले. ते बुडाले नाहीत. भर धरणात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी स्वतःचं जाळं कापलं आणि कुत्रं माझ्या अंगावर टाकलं.

"म्हणलं हुतं, धरून बसा!"

"तात्या, तुम्ही उभे कशावर आहात?"

"आमच्या गोठ्याच्या भिंतीवर. गाव धरणात गेलं, पर उन्हाळ्यात पाय पुरतो हितं."

या पाण्यावर आपल्या उसाचा हक्क किती, यावर मी गावोगाव भाषणं ठोकली आहेत. ते पाणी कुणाच्या गोठ्यावर उभं आहे, हे एकदाही बोलले नाही. तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंत?