हाक्याचा वाटा

कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात दीनानाथ भांदिगरेला सगळे डीन म्हणायचे. घरी अरुणा नुसतं 'अहो' म्हणायची. पन्नाशी गाठलेल्या या माणसाला 'दिन्या' म्हणणारं अख्ख्या देशात एकच तोंड होतं, आणि ते त्याच्या साडूचं होतं.

साडू म्हणजे शशिकांत, अरुणाच्या थोरल्या बहिणीचा, वीणाचा नवरा. दोघंही एकाच गावचे, भुदरगडच्या डोंगरातले. शशिकांतच्या घरात लायसनची बंदूक होती. शिमग्यात रानडुकरांची पारध निघाली की त्याचे वडील, चुलते ओढ्याच्या तोंडाशी सावलीला दबा धरून बसायचे. दीनानाथचा बाप मात्र इतर गड्यांबरोबर काट्याकुट्यातनं डबा बडवत, आरोळ्या ठोकत डुकरं त्यांच्या पुढ्यात हाकलायचा. अशाला गावात हाक्या म्हणत. डुक्कर पडलं की वाटे ठरलेले. बार टाकणाऱ्याला मुंडी आणि मागच्या मांडीचा फरा, हाक्याला मानेचा तुकडा, पळसाच्या पानात. देताना शशिकांतच्या घरचं कुणीतरी म्हणायचंच, "घे रं, तुझ्या पायाचा वाटा." बाप मान खाली घालून घ्यायचा, आणि घरी येऊन पायातले काटे काढत बसायचा. त्या मानेच्या तुकड्याचा रस्सा दीनानाथला कधी गोड लागला नाही.

कॅनडात आल्यावर कारखान्यातल्या एका सोबत्यानं धनुष्याच्या शिकारीची गोष्ट काढली, तेव्हा दीनानाथच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. एकदा, आयुष्यात एकदा, दबा धरून आपण बसायचं आणि जनावर आपल्या हातानं पाडायचं. कोर्स केला, लायसन काढलं, दोरी कप्प्यांवरून फिरते तसलं कंपाउंड धनुष्य घेतलं, बेसमेंटमध्ये गोणपाटावर बाण मारून मारून खांदा दुखवून घेतला. तीन हंगाम झाडावरच्या मचाणात कुडकुडत काढले. हरणं आली, बघून गेली. बाण भात्यातच राहिले.

रान त्यानंच शोधलं होतं. गावाबाहेर बाउमन नावाचा म्हातारा शेतकरी होता, त्याची कोवळी सफरचंदाची झाडं हरणं ओरबाडून खायची. दीनानाथनं त्याचा मेल्यात जमा झालेला ट्रॅक्टर चालू करून दिला आणि त्याच्या रानात बसायची परवानगी मिळवली. मग गणपतीच्या जेवणात चार लोकांत तो हे फुशारकीनं बोलून बसला. तिथंच माती खाल्ली. दिवाळी यायच्या आत शशिकांत नवं कोरं धनुष्य आणि मिठाईचा बॉक्स घेऊन बाउमनच्या दारात. नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात दिवसभर मीटिंगा करणारा माणूस, बोलण्यात म्हाताऱ्याला गुंडाळायला त्याला कितीसा वेळ लागणार. बाउमननं वाटणी केली: ओढ्याच्या अलीकडं डीन, पलीकडं शशी. वर दम भरला, की ज्यानं कायदा मोडला त्याला माझं फाटक कायमचं बंद.

तेव्हापासून साडूंचं बोलणं बंद पडलं. टोमणे मात्र वेळच्या वेळी पोचत, कारण बहिणींचे फोन चालू होते.

दोन हजार सोळा साली नरक चतुर्दशी ऑक्टोबरअखेरच्या शनिवारी आली. ऐन हंगाम, सुट्टीचा दिवस, थंडी हवी तेवढी. हरणाची नजर एकवेळ चुकवता येते, नाक नाही. म्हणून दीनानाथ महिनाभर बिनवासाच्या साबणानं अंघोळ करत होता. शिकारीचे कपडे गॅरेजमध्ये पाचोळा भरलेल्या टबात पुरून ठेवले होते. "पाचोळ्याला टब आणि माझ्या साड्यांना फाटकी सूटकेस," असं अरुणा वीणाला सांगायची, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

त्या पहाटे तो किचनमध्ये वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. अरुणा मागून आली आणि कोमट सुवासिक तेलाची अख्खी वाटी तिनं त्याच्या टाळूवर रिकामी केली.

तेल कानामागून मानेवर उतरेपर्यंत तो हलला नाही. मग म्हणाला, "हे काय केलंस?"

"सणाच्या दिवशी पारोसं जाऊन जीव मारणार तुम्ही?" अरुणा म्हणाली. "नरकात जायचं तर जावा. पण माझ्या दारातनं अंघोळ करून जावा."

आता बोलून उपयोग नव्हता. तेल काढायचं तर उटणं आलंच. तिनं ते पाठीला असं घासलं, जणू गेल्या तीन हंगामांचा हिशेब तिला त्याच अंघोळीत चुकता करायचा होता. कारीट इथं कुठलं मिळायला, म्हणून ग्रोसरीतून आणलेला कोबीचा इवलासा गड्डा डाव्या अंगठ्याखाली फोडायला दिला. तो फुटता फुटेना. शेवटी दीनानाथनं त्यावर टाच मारली ती नरकासुरासाठी नव्हती.

गाडीच्या चारी काचा उघड्या टाकून तो रानाकडं निघाला. कान गारठून बधिर झाले, पण वास जाईना. चंदन, कचोरा, गुलाब. गाडीत शेजारच्या सीटवर देवळातला पुजारी बसवून निघाल्यासारखं वाटत होतं. आणि फाटकाशी शशिकांतची गाडी आधीच उभी.

अंधारातच तो मचाणावर चढला. बसल्यावर कळलं, की वारा त्याच्या पाठीकडून ओढ्याकडं वाहतोय, आणि हरणांची वाटही तिथूनच. जागा बदलायला वेळ नव्हता. फटफटलं तशी ओढ्याकाठच्या सीडर झाडांच्या दाटीतून एक मादी बाहेर आली. थेट त्याच्याकडं. दीनानाथनं श्वास धरला, धनुष्य ताणलं. अजून चार पावलं आणि तिचा खांदा मोकळा मिळाला असता. त्या चार पावलांच्या आधी ती थांबली. नाक वर केलं. पुढचा पाय जमिनीवर आपटला, नाकातून फुसकारली आणि पांढरं शेपूट उभारून पुन्हा सीडरमध्ये घुसली.

खिशातला फोन थरथरला. वर्षभरानं साडूचा मेसेज आला होता. 'दिन्या, उटणं कुठल्या दुकानातलं रे? ओढ्यापलीकडं मला वास येतोय.'

दीनानाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वास येतोय काय? मग घे की पोटभर. तो खाली उतरला. जाकिटाची चेन उघडली, टोपी काढून तेलकट डोकं मोकळं सोडलं, आणि वारा पाठीवर घेऊन ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. मुद्दाम पाय आपटत, काटक्या मोडत. माझी गेली ना, मग तुझ्याही बाजूला आज शेपूट दिसायचं नाही. अलीकडच्या काठापर्यंत जाऊन तो उभा राहणार होता, उदबत्तीसारखा.

सीडरच्या दाटीजवळ पोचला तोच आत धडधड झाली. दडून बसलेली मादी उठली आणि वासापासून पळत सुटली. वासापासून पळायचं म्हणजे ओढ्यापलीकडं. पाणी उडाल्याचा आवाज आला. मग धनुष्याची दोरी वाजली, आणि मग काहीच नाही.

दीनानाथनं खाली बघितलं. पायाखाली मोडलेल्या काटक्या, पँटला चिकटलेली कुसळं. आपण काय केलं ते डोक्याआधी पायांना कळलं होतं. डबा तेवढा नव्हता हातात.

"दिन्या," पलीकडून हाक आली. "पडलं रं."

ओढा ओलांडून तो गेला. मादी पाचोळ्यात आडवी होती, बाण बरगडीत. शशिकांत तिच्याशेजारी उभा, पण चेहऱ्यावर शिकाऱ्याचा तोरा नव्हता. तो तिच्या डोक्याकडं बघत होता. डोक्यावर शिंगं नव्हती.

कारण दोघांनाही ठाऊक होतं. लायसनबरोबर प्रत्येकाला मिळतो तो नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची परवान्याची चिठ्ठी. मादी मारायची तर तिचा टॅग सोडतीत लागावा लागतो. शशिकांतला लागला नव्हता. दीनानाथला लागला होता, आणि तो त्याच्या खिशात होता. टॅगाशिवाय मादी म्हणजे दंड, धनुष्य जप्त, बाउमनचं फाटक कायमचं बंद.

"शिंगं कुठायत?" दीनानाथनं विचारलं.

"भरधाव आली. मला वाटलं नर हाय." नॉर्थ यॉर्कचं मराठी गळून खालचं भुदरगड उघडं पडलं होतं. "तुझा टॅग लाव. एकत्र शिकारीला आलेल्यांत कुणाचाबी टॅग चालतोय."

"मी तुझ्यासंगं कवा आलो?"

"एकमेकांच्या संपर्कात असलं पायजे, असं हाय कायद्यात. मी मेसेज केला की तुला."

"उटण्याचा?"

"बाउमनला कुठं मराठी वाचता येतंय."

एवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. दीनानाथनंच जिवंत केलेला तो ट्रॅक्टर काठाकाठानं डुलत आला आणि बाउमन खाली उतरला. त्यानं मादी पाहिली, बाण पाहिला, दोघांची तोंडं पाहिली. म्हातारा चार शब्दांचाच माणूस. त्यानं डीनकडं वळून एवढंच विचारलं, तुम्ही दोघं एकत्र आहात का?

'नाही' म्हटलं की रान दीनानाथचं. आख्खं, ओढ्याच्या दोन्ही बाजूंचं. शशिकांतनं मान खाली घातली होती. ती मान बघण्यासाठी दीनानाथच्या बापानं काय दिलं नसतं. पण 'नाही' म्हटलं तर मादी सरकारजमा होणार, आणि गोष्ट उरणार ती एवढीच, की शशीनं मारली नि दिन्यानं हाकलली. 'हो' म्हटलं तर टॅग ज्याचा, हरीण त्याचं.

"येस," दीनानाथ म्हणाला. "टुगेदर. माय टॅग."

खिशातून टॅग काढून त्यानं मादीला बांधला. गाठ दोनदा आवळली. बाउमननं मान डोलावली, म्हणजे हे डीनचं हरीण, असं म्हणून त्याचा हात हातात घेतला. मग जाता जाता म्हाताऱ्यानं निकाल दिला. तुम्ही एकत्र आहात हे बरं झालं, ओढ्याची वाटणी मला तशीही पटत नव्हती. पुढल्या वर्षी दोघांनी मिळून या. एकटा आला तर फाटक उघडायचं नाही.

बाउमनच्या गोठ्यात दीनानाथनंच सुरी चालवली. शशिकांतला त्यानं हात लावू दिला नाही. मुंडी बाजूला ठेवली, मागचे फरे बाजूला ठेवले. शेवटी मानेचा एक तुकडा कापला, ग्रोसरीच्या पिशवीत घातला आणि साडूपुढं धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नावापुढचा 'दादा' गाळला.

"घे रं शशी. तुझ्या पायाचा वाटा."

कुठलं वाक्य परत आलंय ते शशिकांतला बरोबर उमगलं होतं. त्यानं पिशवी घेतली, वजन करावं तशी हातात जोखली.

"पाय तर तुझे चालले, दिन्या," तो म्हणाला. "मी बसूनच होतो की." गाडीत बसल्यावर काच खाली करून त्यानं आणखी एक जोडलं. "अरुणाला सांग, पुढल्या वर्षीबी हेच उटणं आण. मी बसतो, तू चाल."

गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत दीनानाथ तिथंच उभा होता. मग त्यानं मुंडी, फरे, सगळं डिकीत भरलं. वर भाता ठेवताना एकेक बाण काढून बघितला. एकाच्याही पात्याला रक्त नव्हतं. हात मात्र कोपरापर्यंत लाल होते, आणि त्यांना अजून चंदनाचा वास येत होता.